रोहिदासाचं सोंग

सांगतो, पण मधे बोलू नका. ही गोष्ट मधेच तोडलेली मला खपत नाही.

निजामाच्या अमलात जवळा बाजारापल्याडच्या एका गावात दर जत्रेला हरिश्चंद्राचं नाटक व्हायचं. बैलगाड्या जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या, खालची पोकळी झाकायला भोवती गोणपाट बांधायचं, की झाला रंगमंच. साप डसून मरणाऱ्या राजपुत्राचं, रोहिदासाचं सोंग गावातलंच एखादं लेकरू घ्यायचं. त्याची एक रीत होती. मेलेलं सोंग उगीच उठवायचं नाही. देव येऊन जिवंत करण्याआधी लेकराच्या खऱ्या आईनं खालून घरच्या नावानं हाक मारायची. त्यानं 'व्हय आई' म्हणायचं आणि मगच उठायचं.

चतुराबाईच्या संतरामला ते काम मिळालं तेव्हा बाई गावभर मिरवली. पोराला बजावलं, "म्या हाक मारंस्तोवर हलायचं न्हाई बरं." पोरगं असं काही मेलं, की बाया डोळे पुसत तिच्याभोवती गोळा झाल्या. "चतुरे, लई रडवलं गं तुझ्या लेकरानं." ती कौतुक ऐकण्यात गुंग, आणि हाक राहून गेली. तारामतीचं लुगडं नेसलेला उकंडराव वाट पाहून शेवटी आपणच म्हणाला, "रोहिदासा, ऊठ बाळा." पोरगं उठलं. टाळ्या पडल्या. नाटक संपलं.

आता पुढचं ऐका. रोहिदासाचा लाल अंगरखा कुठल्याही पोराला फार वर्षं होत नसे. संतरामला तो पुढच्या वर्षी झाला, त्याच्याही पुढच्या वर्षी झाला, आणि होतच राहिला. बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटली, ती औताला लागली, त्यांची लग्नं झाली. हे अजून आईच्या कमरेएवढंच. दुधाचा एक दात पडेल तर शपथ! नाटक बसवणारे तातेराव मात्र खूश. "काहून जीव जाळून राहिल्या, वैनी? कुणाची वाढ उशिरा होती. आमाला तर बराबर रोहिदास भेटला."

चतुराबाईच्या मनात संशयानं घर केलं. घरात 'संतराम' म्हटलं की पोरगं ओ द्यायचं, पण जरा थांबून, मागून कुणी शब्द सांगितल्यावर नट बोलतो तसं. झोपायचं ते उताणं, हात छातीवर, रात्रभर कूस न बदलता. आणि दर जत्रेला साप डसायच्या आधी ते तिला घरी पिटाळायचं. "आई, पाणी आण." "आई, माझी टोपी राह्यली." ती परत येईपर्यंत ते उठलेलं असायचं. बाई मूर्ख नव्हती. पोटच्या लेकरावर वहीम घ्यायची तिला लाज वाटायची, एवढंच.

रझाकार पळाले त्या हिवाळ्यातली जत्रा. पोरगं म्हणालं, "आई, तहान लागली."

"व्हय, आणते," ती म्हणाली, आणि गेलीच नाही. रंगमंचाच्या कडेला गोणपाटाला टेकून बसली.

रोहिदासाचं मरण यायचं ते तांबडं फुटताना. बत्त्या फिक्या पडल्या. पोरगं पांढऱ्या फडक्याखाली निजलं. उकंडरावाचा विलाप सुरू झाला. माझं लेकरू मला परत दे रे देवा, एवढंच चतुराबाईच्या मनात होतं.

"संतराम..."

वरचं फडकं हललं नाही.

"संतराम..."

"व्हय आई..."

आवाज तिच्या गुडघ्यापाशी आला, गोणपाटाच्या आतून. घोगरा, फुटलेला, पुऱ्या बाप्याचा आवाज.

"कवाची वाट पाहून राहिलो... उठू का आता?"

तिनं वाकून गोणपाट वर केलं. आत कुणी नव्हतं. गवत तेवढं दबलेलं होतं, उताण्या पडलेल्या उंच माणसाच्या मापाचं. तिनं हात टेकवला. त्या गारठ्यात तेवढीच जागा ऊबदार होती.

ती 'ऊठ' म्हणणार, तोच फळ्यांच्या फटीतून चिमुकली बोटं खाली आली आणि तिचा पदर धरून बसली.

"आई," वरून पोरगं हळूच म्हणालं, "पाणी आणलं न्हाईस?"

भीती म्हणा, माया म्हणा, इतक्या वर्षांची सवय म्हणा... चतुराबाई पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा पोरगं उठलेलं होतं.

सकाळी गाड्या सोडल्या, गोणपाट काढलं. खालचं ते गवत मात्र पुढच्या पावसाळ्यातही उभं राहिलं नाही.