तिसऱ्या कौलावरचं पान

"ठेव ना बाय पान… उन्हं कलली बघ," हौशी तिसऱ्यांदा लेकीला म्हणाली, आणि तिसऱ्यांदाही प्रगतीचे हात पाठीमागेच राहिले!

सूर्यमाळच्या त्या पाड्यावरची झाडून सारी माणसं अंगणात बसली होती. पळसाच्या पानावर भात, उडदाची आमटी, नागलीच्या भाकरीचा चतकोर आणि प्रगतीच्या गेलेल्या बापाला, पोश्याला, जीव की प्राण असलेला सुका बोंबील. बाराव्याचं हे पान छपरावर, शेळ्यांची तोंडं पोचणार नाहीत अशा तिसऱ्या ओळीच्या कौलावर ठेवायचं. ते पोटच्या लेकरानं, अंगणातल्या मातीवर पाय टेकून, उजव्या हातानं ठेवायचं, असा त्या घराचा रिवाज होता. पोश्याला लेकरू एकच. आणि ते लेकरू परवा पुण्याहून आल्यापासून डोळ्यांत टिपूस न आणता, कुणाच्या घरी चोरी झाल्यावर पंचनाम्याला यावं तसं घरभर नजर फिरवत होतं.

"ठेवते," प्रगती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंगणाच्या पार कडेपर्यंत गेला. "आधी मला एक सांगा. सोलापूरला बानं माझ्याशी दगा केला की नाही?"

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

"वयनी, सांगून टाक एकदाचं," चुलता चंदू खाली मान घालून पुटपुटला. "आता गेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

"गप रं चंदू!" हौशी ओरडली, आणि तिचा हात नकळत कमरेच्या चावीकडे गेला.

प्रगतीनं तो हात पाहिला. दोन दिवस ती तेच पाहत होती. विहिरीवर आई आणि काका बोलत असले आणि ती जवळ गेली की बोलणं तुटायचं. कोनाड्याखालच्या पत्र्याच्या पेटीला भलंमोठं कुलूप होतं. गवताच्या छपरावर गेल्या काही वर्षांत कौलं चढली होती, ती कुठून आली कुणी सांगत नव्हतं. आणि घरात जिकडे पाहावं तिकडे टेनिसच्या रॅकेटीतून कापून काढलेली जुनी गट, जाळीची ती चिवट दोरी! वालाच्या वेलाचा मांडव त्या गटीनं बांधलेला, कपडे वाळवायची दोरी तिची, शेळीचं दावंसुद्धा तिचंच… जणू बापानं आपल्या गुन्ह्याचे धागे घरभर विणून ठेवले होते, आणि ते दिसत असूनही हाती लागत नव्हते!

तेवीस वर्षांपूर्वी पोश्या तिला नाशिकला घेऊन गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिथल्या एका क्लबात तो टेनिसच्या कोर्टाला पाणी मारायचा, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायचा. हौशी शेतीसाठी मागे राहिली, एकटी. क्लबातला रॅकेटींची जाळी ओढणारा गटिंगवाला काम सोडून गेला आणि त्याचं यंत्र धूळ खात पडलं, तेव्हा पोश्यानं ते पुसून घेतलं. त्याचा बाप घांगळी वाजवायचा. भोपळ्याच्या त्या वाद्याची तार किती ओढली की कशी बोलते, हे पोराच्या कानात लहानपणीच बसलं होतं. दोन महिन्यांत पोश्या रॅकेटीच्या जाळीवर नुसती टिचकी मारून तिचा ताण किती पाउंड ते सांगू लागला. लिहिता येत नव्हतं, पण आकडा चुकत नव्हता.

आणि चेंडू वेचता वेचता प्रगती खेळू लागली. बाराव्या वर्षी तिनं क्लबातल्या मोठ्या मुलींना हरवलं, सोळाव्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत पोचली, अठराव्या वर्षी व्यावसायिक झाली. मोखाड्याच्या एसटी स्टँडवर तिच्या अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर तिच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती, आणि पोश्या त्यावर महिनाभर हसत होता. मग हिसार, ग्वाल्हेर, थायलंडचं हुआ हिन, तुर्कस्तानचं अंताल्या… एका खोलीत चार चार मुली, रात्रीच्या जेवणाला केळी, क्रमवारीतल्या एकेका गुणासाठी हजारो मैलांचा प्रवास. जगात चारशे अकराव्या क्रमांकापर्यंत ती चढली. प्रत्येक प्रवासात तिच्याजवळ चार रॅकेटी असत. बानं छप्पन पाउंडांवर ताणलेल्या, धुवट फडक्यात गुंडाळून लाल दोऱ्यानं बांधलेल्या. तो लाल दोरा सोडताना तिला वाटे, जगात आपल्याला आणखी काही नको!

म्हणूनच तो घाव इतका खोल गेला.

सोलापूरच्या अंतिम सामन्यात समोर मंजुषा होती, क्लबच्या सचिवांची पुतणी. दोघींचं गटिंग पोश्याच करायचा. तो सामना जिंकला असता तर परदेशातल्या मोठ्या स्पर्धांची दारं उघडणार होती. तिसऱ्या सेटच्या शेवटी प्रगतीचे दोन चेंडू रेषेबाहेर पडले. दोन्ही बोटभर. आणि सामना गेला. पंधरवड्यानंतर हुआ हिनला तिथल्या गटिंगवाल्यानं तिची एक न वापरलेली, लाल दोरा तसाच असलेली रॅकेट मापावर लावली आणि आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. छप्पन नव्हे. अठ्ठेचाळीस! इतक्या सैल जाळीवरून चेंडू हवा त्यापेक्षा लांबच उडणार.

ती नाशिकला परतली तेव्हा आणखी एक बातमी कळली. पंधरा वर्षं हंगामी असलेला पोश्या त्याच आठवड्यात कायम झाला होता.

"किती ओढली होतीस?" कोर्टामागच्या खोलीत तिनं विचारलं होतं.

"तू सांगितलं तेवढीच."

"खोटं! मंजुषाची किती ओढलीस? कुणी सांगितलं तुला? बोल ना बा… काहीतरी बोल!"

पोश्यानं हातातल्या गटीचं वेटोळं केलं, सोडलं, पुन्हा केलं. मग म्हणाला, "जाताना आईला भेटून जा."

एवढंच! लेकीच्या आयुष्याची राखरांगोळी झाली आणि या माणसाला सुचलं काय, तर आईला भेटून जा! तिनं हातातली रॅकेट त्याच्या पायाशी फेकली आणि ती निघाली. त्याला आठ वर्षं झाली. ती आईशी फोनवर बोलायची. सणाला घरी यायची ती चंदूकाकाला आधी विचारून, बा जव्हारच्या बाजाराला गेल्याची खात्री करून. महिन्याभरात पोश्यानं ती कायम झालेली नोकरी सोडली आणि तो गावी येऊन राहिला. लोक म्हणाले, शरमेनं आला. तिलाही तसंच वाटलं.

मग तिनं दुसऱ्यांकडून गटिंग करून घेतलं. छप्पन. चिडून अठ्ठावन्नही. दीड वर्षानं अंताल्याला सर्व्हिस करताना उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले होते, "ही दुखापत फार जुनी आहे. इतकी वर्षं खेळलात तरी कशा?" तिनं ते स्वतःच्या जिद्दीचं कौतुक समजून घेतलं होतं. आता ती पुण्यात लहान मुलांना शिकवायची. चेंडू खालून टाकून.

"चावी दे," प्रगती म्हणाली.

हौशीनं तिच्याकडे पाहिलं. मग पेटी उघडून देणं आणि जीव काढून देणं एकच असावं तशी कमरेची चावी सोडली.

माणसं अंगणातच राहिली. घरात अंधार होता, शेणाचा ताजा वास होता. कुलूप कुरकुरत निघालं. आत कागद असेल, कुणाची चिठ्ठी असेल, मंजुषाचं काही असेल… प्रगतीच्या हाताला धुवट फडकं लागलं. लाल दोरा! तिनं तो ओढला, आणि जी रॅकेट तिनं बापाच्या पायाशी फेकली होती तीच, घासलेल्या कडेसकट, तिच्या मांडीवर आली. जाळी नवी होती. यंत्राशिवाय, बांबूच्या खुंटीवर हातानं ओढलेली. तिनं टिचकी मारली. जाळी खर्जात बोलली.

"हीसुद्धा सैलच!" ती कडाडली. "जपून काय ठेवलं त्यानं? मला कसं हरवलं त्याची खूण?"

"त्यानं नाय हरवलं तुला." हौशी उंबऱ्याशी बसली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता. "म्या सैल करायला लावलं."

प्रगती तिच्याकडे वळली.

"सोलापूरच्या आधी दोन वर्सं. चैतात आलीस चार दिवस. टँकर विहिरीत ओतून गेला नी सगळ्या बाया तुटून पडल्या. तू म्हनलीस, आई, तू बस, मी ओढते. अर्ध्यात दोर तुझ्या उजव्या हातातनं सुटला. हंडा खाली, नी तू पांढरी फट्ट… आठवतं?"

आठवत होतं. त्या दुखण्यानं डोळ्यांपुढे आलेली अंधारी, विहिरीच्या काठाचा तापलेला दगड, आणि स्वतःचे शब्द.

"तू म्हनलीस, बाला सांगशील तर या घरात पुन्ना पाऊल नाय ठेवनार. तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली म्या. नी आठ दिसांत मोडली! खोडाळ्याहून एकटी एसटीत बसले. जल्मात पयल्यांदा. नाशिकला त्याच्या खोलीत जाऊन त्याला सांगितलं, पोरीचा हात चाललाय. ते यंत्र बघितलं नी इचारलं, ही दोरी सैल सोडली तर हाताला हिसका कमी बसंल का? तो म्हनला, बसंल. म्या म्हनलं, मग सोड. ताणलेला दोरच काठावर तुटतो."

"आणि मला कळलं नाही?" प्रगतीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"तो पन तेच म्हनला. तिचा हात लई तिखट, लगेच वळखंल. म्हनून दर खेपेला जराशी, जराशी. दोन वर्सं. त्यानं इचारलं होतं मला, हरली तर? म्या म्हनलं, हरली तर हरली. हात तर राहील."

"मग त्यानं मला सांगायचं होतं! मी तोंडावर विचारलं तेव्हा तरी…"

"काय सांगनार? माझं नाव?" हौशीच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या, पण शब्द अडखळत नव्हते, बारा दिवस नव्हे, आठ वर्षं ती ते मनाशी घोकत आली होती. "तुझी शपथ म्या मोडली हे कळलं असतं तर तू मला पन सोडली असतीस. तो म्हनला, पोरीला एक तरी दार उघडं पायजे. माझ्यावरचा राग माझ्यावरच राहू दे. नी मला शपथ घातली. एक शपथ मोडलेली बाई म्या, दुसरी कशी मोडनार होते?"

जाताना आईला भेटून जा!

प्रगतीनं रॅकेट फडक्यावर ठेवली. बा टाळाटाळ करत नव्हता… तो तिला त्या उघड्या दाराकडे पाठवत होता!

"आणि नोकरी? ती कायम कशी झाली?"

"पंधरा वर्सांनी आपसूक आली. महिनाभर केली. मग म्हनला, जिच्यासाठी बसत होतो ती गेली, आता मंजुषाच्या रॅकेटी विणत बसू?"

"नी कौलांचं इचारायचं राहिलं आसंल तर," दाराबाहेरून चंदूचा चिडका, रडका आवाज आला, "माझ्या पडक्या घराची हायत ती! दोन दिवस वर बघतेस नि माझ्याकडं बघतेस. चोरीची न्हाईत!"

अंगणात कुणीतरी हुंदक्यातच हसलं.

प्रगती हसली नाही. ती हिशेब मांडत होती, आणि प्रत्येक वेळी तो एकाच ठिकाणी येऊन थांबत होता. बा ताण कमी करत होता तोवर खांदा टिकला. तिनं स्वतः, रागानं, तो अठ्ठावन्नवर नेला आणि खांदा फाटला. आठ वर्षं ती ज्याच्यावर आळ घेत होती त्याच्याच हातांनी तिला जपलं होतं, आणि मोडलं होतं ते तिच्याच संशयानं. हे आता कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं तो बारा दिवसांपूर्वी निघून गेला होता.

"त्याच्यापायी हरलीस का गं सोलापूरला?" हौशीनं घाबरत विचारलं. "खरं सांग."

बोटभर बाहेर पडलेले ते दोन चेंडू प्रगतीला लख्ख दिसले. ताण छप्पन असता तर ते आत पडले असते. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण त्या घरात आता लपवायला जागा उरली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "हरले."

हौशीनं मान हलवली. पोश्याच्या वाटणीचंही तिनंच ऐकून घेतलं.

"पण मला न विचारता केलंत ते चुकलंच तुमचं," प्रगती म्हणाली, आणि दोन दिवस कोरड्या राहिलेल्या तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. "विचारलं असतं तर मी ऐकलं नसतं… तेही खरंच."

मायलेकी बाहेर आल्या. प्रगतीनं पळसाचं पान उचललं. भात गार झाला होता. ती छपरापाशी गेली, उघड्या पायांनी मातीवर उभी राहिली आणि उजवा हात वर नेला. खांद्याच्या रेषेपर्यंत तो गेला. तिथून पुढे गेला नाही.

तिनं दात आवळून पुन्हा प्रयत्न केला. पानातला भाताचा एक गोळा खाली पडला. आल्यापासून तिनं हात पाठीमागे का बांधले होते, त्यातलं अर्धं कारण तिनं फोनवरही कुणाला सांगितलं नव्हतं. जो हात कधी आभाळातून चेंडू खेचून घ्यायचा, तो आता बापाचं पान कौलावर ठेवण्याइतकाही उठत नव्हता.

हौशी लेकीच्या मागे येऊन उभी राहिली आणि आपला खरबरीत तळवा तिनं लेकीच्या कोपराखाली धरला.

"सावकाश," ती पुटपुटली. "ताणू नको."

एक ओळ. दुसरी ओळ. हौशीच्या टाचा मातीवरून उचलल्या गेल्या, प्रगतीच्या तोंडून एक कण्हणं निसटलं, आणि पान तिसऱ्या कौलावर टेकलं.

"बा…" प्रगती म्हणाली.

पान ठेवून झालं होतं. माणसं उठू लागली होती. हौशीनं मात्र कोपराखालचा हात काढला नाही.