बारा, पूर्ण

गुहेच्या सहलीची ती वही कंडक्टरांच्या बायकोची होती. कंडक्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची. आणि बायको जाऊन आठ महिने झाले, तरी वही टेबलाच्या खणात तिने ठेवली तिथेच होती. एका रविवारी सकाळी त्यांनी ती बाहेर काढली, चष्मा पुसला आणि लेकीला हाक मारली.

वहीत सगळं होतं. गाडी कोणती, बदलायची कुठे, पायऱ्या दोनशे बारा, बूट रबरी तळव्याचे, आत बारमाही गारठा म्हणून हिरवा स्वेटर. लांबलांबून माणसं ती गुहा बघायला येत, आणि ही बाई सव्वीस वर्षं स्वयंपाकघरात बसून तिच्या पायऱ्या उतरत होती. दरवर्षी बेत ठरे आणि दरवर्षी कंडक्टरांची ड्यूटी आडवी येई. पुढच्या वर्षी नक्की, असं ते म्हणत. ती तारखेवर काट मारून खाली नवी तारीख लिही. पुढे निवृत्ती आली तर तिचे गुडघे गेले, आणि मग तीच गेली. शेवटच्या तारखेवर मात्र काट नव्हती. ती याच महिन्यातली होती.

"जायचं," कंडक्टर म्हणाले. "तिचं राहिलं ते माझ्यामुळे राहिलं."

लेकीने फोन लावला आणि दोन तिकिटं राखून ठेवली.

कंडक्टरांची एक सवय इथेच सांगायला हवी. गाडीत डोकी मोजायची ती तिकिटवाल्यांची. ड्रायव्हर, कंडक्टर आणि पासावरचं घरचं माणूस त्या मोजणीत धरायचं नसतं. बत्तीस तिकिटं, बत्तीस डोकी, की दोन घंट्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायको त्यांच्या गाडीतून माहेरी निघाली होती. एका थांब्यावर ती पाणी प्यायला उतरली. यांनी डोकी मोजली, तिकिटांशी जुळली, घंटी मारली. चार मैल गेल्यावर तिची रिकामी जागा दिसली. गाडी उलटी फिरवून आणली तेव्हा ती रस्त्याकडेच्या दगडावर निवांत बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, येतील ते परत.

त्यानंतर जन्मभर घराला कुलूप लागताना तिचं एकच वाक्य असे, "अहो, मला मोजलंत का?" कंडक्टर हसून सोडून देत. आता कुलूप लावताना कोणी काही विचारत नसे, आणि त्यांचा हात किल्लीवर उगाच घुटमळे.

ठरल्या दिवशी दोघं साडेतीनच्या तुकडीला पोचले. तुकडीत या दोघांना धरून बारा जण होते. पांढऱ्या टोपीतल्या, चाळिशीच्या गाईडने सगळ्यांना पिवळ्या टोप्या घातल्या आणि नियम सांगितला. दिव्यांच्या उजेडाने दगडावर शेवाळ धरतं, म्हणून माणसं एका दालनातून पुढे सरकली की मागचे दिवे घालवायचे. शेवटी चालणाऱ्याने डोकी मोजून सांगायची, मग तो बटण दाबणार. लेक म्हणाली, हे काम आमच्या बाबांना द्या, छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कंडक्टरांची पाठ ताठ झाली.

पायऱ्या ओल्या होत्या. छतावरून दगडाची झुंबरं लोंबत होती आणि कुठेतरी खोल पाणी ठिबकत होतं. वहीत होतं तसंच सगळं होतं. पहिल्या दालनाच्या तोंडाशी कंडक्टरांनी समोरच्या पिवळ्या टोप्या मोजल्या.

"बारा, पूर्ण."

मागे अंधार झाला.

दुसऱ्या दालनात त्यांना वास आला. ओल्या मातीच्या वासात मिसळलेला डांबराच्या गोळ्यांचा वास, ट्रंकेतून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांना येतो तसा. कोणीतरी स्वेटर घातला असेल, असं म्हणून त्यांनी मोजलं. बारा, पूर्ण.

शेवटच्या दालनात एक बसका, सपाट दगड होता. त्यावर छतातून अखंड पाणी ठिबकतं आणि तो सुकलेला आजवर कोणी पाहिला नाही, असं गाईडने सांगितलं. रांगेच्या शेवटी एक ठेंगणी आकृती गुडघ्यावर हात टेकत फार हळू चालली होती. कंडक्टरांच्या तोंडून सवयीने निघालं, "बाई, सरकून घ्या, मागे माणसं आहेत." मागे कोणीच नव्हतं. तरी ती गुमान बाजूला, दगडाकडे सरकली. कंडक्टर पुढे आले, दगडाजवळची टोपीही धरून मोजणी केली आणि हात वर केला.

"बारा, पूर्ण."

बटणाचा आवाज झाला. अंधारातून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "अहो..." पाण्याचा आवाज असेल, असं त्यांना वाटलं. मागे लोखंडी दार लागलं.

बाहेर ऊन होतं. गाईडने टोप्या गोळा केल्या, बारा भरल्या. लेक पाणी पिता पिता हसली. "बाबा, तुम्ही स्वतःला कधीपासून मोजायला लागलात?"

कंडक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःला मोजलं नव्हतं. आयुष्यात कधीच मोजलं नव्हतं. तिकिटं त्यांना धरून बारा, म्हणजे समोर टोप्या दिसायला हव्या होत्या अकरा. त्यांनी बाहेरची माणसं बोटाने मोजली. अकराच भरली.

"एक माणूस आत राहिलं," ते म्हणाले. "दार उघडा."

गाईडने समजूत घातली, टोप्या दाखवल्या. पण म्हातारा दारापासून हलेना, म्हणून त्याने दार उघडून दिवे लावले. दालन रिकामं होतं. छतातून पाणी टपटप पडत होतं, दगड चकचकीत ओला होता, आणि त्याच्या मधोमध एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी ठणठणीत होती. थेंब तिच्या चारी बाजूंनी पडत होते.

कंडक्टर दगडाशी गुडघे टेकून लहान मुलासारखे रडले. "मी पुन्हा सोडून आलो गं तुला," ते म्हणत राहिले. "चल ना... चल घरी." गाईड टोपी काढून उभा होता. शेवटी लेकीने त्यांना धरून वर आणलं. दिवे घालवण्याआधी गाईडने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. पण पूर्ण हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, शेवटची तुकडी बाहेर आली की कंडक्टर गाईडला फोन करत. दोघांत एवढंच बोलणं होई.

"दगड?"

"जागा कोरडी आहे, काका."

मग ते जेवायला बसत. लेक त्यांना अडवत नसे. तिनेही ती जागा पाहिली होती.

परवा गाईडने फोन उचलला, पण फोनमध्ये नुसतं ठिबकणं ऐकू येत होतं. तो अजून आतच उभा असावा.

"काका... बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय होतंय? दगड?"

"जागा सरकलीय," गाईड हळूच म्हणाला. "कडेला सरकलीय, कोणाला शेजारी बसायला द्यावं तशी. आणि शेजारी... दुसरी एक जागा सुकत आलीय."

कंडक्टरांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात लेक ताटं मांडत होती. खोलीत कुठूनसा डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्यांनी खणातून वही काढून मांडीवर घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, छातीवर बोट ठेवून, स्वतःला मोजलं.