धाकू नारायण पागधरे, दोन वेळा

बारा दिवसांचं बाळ वर्षापूर्वीच वारलेलं कसं असेल, हे हंसाला कळेना. पण दप्तरी तर तेच म्हणत होता.

"धाकू नारायण पागधरे. मूळ गाव वेळशेत. ही नोंद आधीच आहे. व्यक्ती मयत. नवी नोंद होणार नाही."

दप्तरी हा वसाहतीच्या कचेरीतला यंत्रमानव. समुद्राने वेळशेत गिळलं, तेव्हापासून गावची माणसं तराफ्यांवर बांधलेल्या या तरंगत्या वसाहतीत राहत होती. प्रत्येकाची एक ओळ दप्तरीच्या तक्त्यात होती: नाव, रक्तगट, आजार आणि सगळ्यात शेवटी आवाज. गाव गेलं तरी गावची बोली राहावी, म्हणून ज्याला जे सांगावंसं वाटेल ते त्याने त्या रकान्यात बोलून ठेवायचं. हंसाच्या आजोबांनी चार तास बोलून ठेवलं होतं. कुठल्या खडकाशी जाळं फाटतं इथपासून हंसा लहानपणी कशी रडायची इथपर्यंत.

आजोबांचं नाव धाकू नारायण. त्यांचा मुलगा, म्हणजे हंसाचे बाबा, नारायण धाकू. काल बारशाला रिवाजाप्रमाणे बाळाला, म्हणजे हंसाच्या धाकट्या भावाला, आजोबांचं नाव ठेवलं, तेव्हा तोही धाकू नारायणच झाला.

"काय रे नारायणा, नावांचा दुष्काळ पडला होता का?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या बापाचं नाव आहे ते," बाबा म्हणाले.

लसीची बोट एक वाजता सुटणार होती. वसाहतीत क्षयरोग पसरला होता, पुढची बोट दीड महिन्याने येणार होती आणि तक्त्यात नोंद नसलेल्या बाळाला लस मिळत नव्हती.

"जुनी ओळ पुसून तिच्यावर नवी लिहू?" दप्तरीने विचारलं.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "लिही बाबा, काय ते..."

"नको!" हंसा ओरडली. "आजोबांचा आवाज त्याच ओळीत आहे ना?"

बाबांचा हात बाळाच्या पाठीवर थबकला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाळाकडे.

आरडाओरडा ऐकून आतून इंदूआत्या मेहेर आल्या. सत्तरी उलटलेल्या या बाईंनीच हा तक्ता तयार केला होता. पडद्यावरची सूचना वाचून त्या खुर्चीवर बसल्या.

"तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक की असते," त्या हंसाला म्हणाल्या. "म्हणजे यंत्र जिच्यावरून ओळ ओळखतं ती खूण. ती कधीही दोन ओळींना सारखी चालत नाही. मी नाव आणि गाव मिळून की केली. एवढ्याशा गावाला पुरेल, असं वाटलं. वेळशेतात जन्मले, वाढले, पण नातवाला आजोबाचं नाव ठेवतात हे मेलं ध्यानातच आलं नाही."

"मग असं सांगा ना त्याला, की तेच नाव आधी सापडलं तर नवी नोंद सोडून पुढे जा. म्हणजे तो अडणार नाही."

"अडणार नाही खरा. पण बाळही तक्त्यात यायचं नाही, आणि कुणाला कळायचंही नाही. लस मागायला गेल्यावर कळेल."

"त्यापेक्षा अडलेला बरा," हंसा म्हणाली. "आणि पुसून लिहिलं तर?"

इंदूआत्यांनी पडद्यावरून नजर काढली.

"पहिल्या वर्षी मी तसंच ठरवलं होतं. मला वाटलं, तेच नाव आलं म्हणजे तोच माणूस नवी माहिती घेऊन आला. चौदा बाळं नोंदली गेली. यंत्राने एकदाही तक्रार केली नाही. आणि चौदा आजोबा गेले. त्यात माझे वडील. भाच्याचं नाव चढलं, आणि त्यांचा आवाज पुसला गेला."

"परत नाही मिळणार?"

"नाही गं. प्रत ठेवली नव्हती. तेव्हापासून दप्तरीला सांगितलं, विचारल्याशिवाय पुसू नकोस. खरी दुरुस्ती करायची राहिली ती राहिलीच. तक्ता उघडायला मन धजत नव्हतं."

"आत्या, साडेबारा झाले," बाबा हळूच म्हणाले.

इंदूआत्यांनी तक्ता उघडला. "कीमध्ये नाव नकोच. नावं पुन्हा येणार, यावीतच. की म्हणून फक्त क्रमांक. तो एकाच ठिकाणाहून मिळेल, आणि एकदा दिलेला पुन्हा कुणाला द्यायचा नाही."

हंसाने विचार केला. "पण मग बाबांनी बाळाला नोंदवलं आणि आईनेही नोंदवलं, तर? दोन क्रमांक, दोन बाळं!"

"बरोबर पकडलंस. म्हणून क्रमांकाबरोबर एक पहारा ठेवू. नाव, गाव आणि जन्मतारीख, तिन्ही जुळली तरच यंत्राने अडवायचं."

दप्तरी एकेका ओळीला क्रमांक देत गेला. आजोबांना दोनशे बारा आला. बाळाचं नाव पुन्हा भरलं.

"नोंद झाली. क्रमांक आठशे बासष्ट."

बोटीचा भोंगा वाजला. बाबा बाळाला छातीशी धरून धक्क्याकडे धावले.

हंसा मात्र थांबली. पडद्यावर आता धाकू नारायण पागधरे दोन वेळा दिसत होते.

"आत्या, तुमच्या वडिलांना कितवा क्रमांक?"

"त्यांची ओळच नाही, हंसा."

"पण आता घालता येईल ना? भाच्याचं नाव आड येणार नाही. जन्मतारीख वेगळी आहे."

इंदूआत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा पुसून त्यांनी वडिलांचं नाव सावकाश भरलं. नोंद झाली. शेवटचा रकाना रिकामाच होता.

"तिथे तुम्ही बोला. ते कसे होते ते," हंसा म्हणाली. "उद्या मी बाकीच्या तेरा घरी जाते. कुणाला ना कुणाला काहीतरी आठवत असेलच."

"त्यांचा आवाज नाही व्हायचा तो."

"नाही," हंसा म्हणाली.

इंदूआत्यांनी माइक जवळ ओढला. बराच वेळ त्यांचा नुसता श्वास नोंदला जात होता.

"मला ते 'इंदे' म्हणायचे," त्या म्हणाल्या. "होडीतून उतरायच्या आधीच हाक मारायचे."