विसावा पेशंट

परीक्षेच्या दिवशी चिमटीने ट्रे दोनदा लावला. डावीकडे आरसा, मग प्रोब, मग दात खरवडायची तीन हत्यारं, टोकं सगळी एका दिशेला. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई. ती दात आणि हिरडीमधल्या फटीत अलगद सरकवायची आणि कुठल्या खुणेपर्यंत बुडाली ते मोठ्याने सांगायचं. एका दाताला सहा जागा. दोन-तीन म्हणजे हिरडी ठीक. पाचाच्या पुढे म्हणजे आत कुजायला लागलंय. आणि सगळे आकडे पुरे झाल्याशिवाय स्टुलावरून उठायचं नाही.

चिमटी हे नाव वर्गाने पाडलेलं. अंगकाठीच तशी होती. बत्तीस वर्षांची, लग्न झालेली, दातांच्या कोर्सला दोनदा नापास. सकाळी निघताना थोरल्या नणंदेने दारातच सुनावलं होतं, "तिसऱ्यांदा आपटलीस की हत्यारं गुंडाळून ठेव. लोकांच्या तोंडात हात घालायची हौस पुरे झाली. घरात काय कामं कमी आहेत?" नवरा बुटाची नाडी बांधत होता. अशा वेळी त्याची नाडी फार वेळ बांधून होत नसे.

परीक्षा अशी असायची : प्रत्येकीने तीन महिन्यांपूर्वी स्वतः तपासलेल्या वीस पेशंटांपैकी एकाची चिठ्ठी मॅडम काढणार, ऑफिस त्याला बोलावणार, आणि आजचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून बघणार. एका खुणेचा फरक चालेल. जास्त नाही.

चिमटीची चिठ्ठी निघाली विसाव्या पेशंटची. आणि विसावा पेशंट नव्हताच.

एकोणीस तोंडं तिने हातापाया पडून जमवली होती. विसावं काही केल्या मिळेना. शेवटी एका दुपारी कॅन्टीनमध्ये बसून तिने एक माणूस लिहून काढला. पुरुष, बावन्न वर्षं. बत्तीस दात, एकशे ब्याण्णव आकडे. सगळं गुळगुळीत दिसू नये म्हणून वरच्या डाव्या सुळ्याला एक पाच. आजारी तोंडाला परीक्षेत गुण जास्त, म्हणून खालच्या उजव्या तिन्ही दाढांना सातच सात. याला पाप म्हणणाऱ्यांनी आधी वीस परक्या माणसांना दोन-दोन तास जबडा उघडून बसवून दाखवावं, मग बोलावं. अर्धा वर्ग हेच करायचा. कोणी पकडलं जात नव्हतं, एवढंच.

येणार नाही तर येणार नाही, तिने मनाशी म्हटलं. दुसरी चिठ्ठी काढतील.

"तुमचा पेशंट आलाय," कारकून दारातून म्हणाला. "बोलवायची वेळच आली नाही. मी कुलूप काढायच्या आधीच आतल्या बाकावर होता. कुठून शिरला देव जाणे."

माणूस बावन्नचा वाटत होता. चेहरा असा, की नजर वळली की विसरून जावा. शर्टाला बटणं होती, काजं नव्हती. खुर्चीत आडवा होऊन त्याने न सांगता तोंड उघडलं. आतून कसलाच वास आला नाही. माणसाच्या तोंडाचाही नाही.

आकडे उतरवून घ्यायला वर्गातली मैत्रीण शेजारी बसली होती. चिमटी सांगू लागली. "तीन, दोन, तीन. तीन, दोन, तीन."

वरचा डावा सुळा आला. सळई पाचावर थांबली.

कॅन्टीनमध्ये लिहिलेला तोच पाच. पुढच्या दाताला हात लावायच्या आधीच तिने म्हटलं, "दोन." सळई दोनावर अडली. मग मुद्दाम, फाइलीतल्या तिनाच्या जागी, "चार." हिरडी चारापर्यंत उघडली, हुकमाचीच वाट बघत असल्यासारखी.

"हात का थांबला गं?" मैत्रिणीने विचारलं.

"काही नाही. लाळ."

तिने आरसा बाहेर काढला तेव्हा माणूस हळूच म्हणाला, "उजवीकडे जरा बेताने, बाई. डोळ्याला डोळा लागत नाही."

"कधीपासून दुखतंय?"

"तुम्ही सात लिहिलंत तेव्हापासून."

मैत्रीण कागदावरून मान वर करेना. तिला ऐकूच आलं नसावं.

"दोन म्हणा ना," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. दुखणं मुरलेला माणूस बोलतो तसा बोलत होता.

दोन म्हणायचं. एवढंच. तो बरा झाला असता. जुन्या फाइलीशी अठरा ठिकाणी पाच-पाचाचा फरक पडला असता, आणि संध्याकाळी नणंदेने हत्यारांसाठी फडकं काढून दिलं असतं.

"सात," चिमटी म्हणाली.

त्याच्या डोळ्यातून एक थेंब कानाकडे गेला.

"सात. सात. सात."

अठरा वेळा.

मॅडमनी येऊन स्वतः प्रोब घातला, फाइल उघडली, बोटाने ओळी मोजल्या. "हात बसला की गं तुझा! पास. आता दाढा बधिर करून खरवडून घे. आणि पत्त्याचा रकाना कोरा ठेवलायस, वेंधळे. तो भर, फाइल माझ्याकडे दे आणि याला घरापर्यंत सोडून ये. बधिर केलेला पेशंट एकटा सोडत नाहीत."

दाढा झाल्या. चिमटीने पेन उचललं. "कुठे राहता?"

"तुम्ही लिहिलं नाहीत," तो सुन्न ओठातून म्हणाला. "म्हणून इथेच बाकावर होतो."

अजून सांगता आलं असतं. मॅडम दहा पावलांवर होत्या. चिमटीने लिहिलं : घर क्रमांक अकरा, पाण्याच्या टाकीमागची गल्ली. टाकीमागे भिंत होती. ती रोज तिथूनच जायची. भिंतीपर्यंत न्यायचं आणि परत फिरायचं, तिने ठरवलं.

बाहेर दुपारचं ऊन होतं. टाकीमागे गल्ली होती.

एक घर होतं. अकरा.

आधीची दहा नव्हती.

त्याने दार ढकललं आणि कोलमडला. तिने सवयीने दंडाला धरलं. आधार देत दोन पावलं आत गेली. त्याला भिंतीशी टेकवला.

आत उजेड होता. कुठून येत होता ते कळेना.

पत्ता एका ओळीचा होता. तिने त्यात खिडकी लिहिली नव्हती.

ती मागे वळली.

दारही नव्हतं.

पेन खिशात होतं. तिने ते काढलं, टोपण उघडलं. फाइल मॅडमच्या कपाटात होती.