स्वरूप : अजून ठरायचं आहे

"ओ सर! ऑफसाइड होता तो! दिसलं नाही का, सर?"

'सर' वळले... आणि रहाटणीच्या संघाचा कोच सुजित ओरडता ओरडता गप्पच झाला. सरांना वेणी होती. घट्ट, कमरेपर्यंत. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात धावून धावून गाल लाल झालेले, आणि नजर अशी की ऑफसाइड काय, माणसाच्या मनातलंही रेषेवर पकडेल.

"सर आज आलेले नाहीत," आम्रपाली म्हणाली. "मी आलेय."

आणि खिशातून पिवळं कार्ड निघालं.

"नाव?"

"सुजित. वय नाही विचारायचं का, मॅडम?"

"वय आम्ही मुलांचं तपासतो. तेरा वर्षांखालची लीग आहे ही. पण तुमचा आरडाओरडा ऐकून वाटतं, तुम्हीही बसाल त्यात."

बाकावरची पोरं तोंडावर हात धरून हसली. सुजितही हसला. कार्ड मिळाल्यावर हसणारा कोच तिने पहिल्यांदाच पाहिला होता. तिने लगेच घड्याळात बघितलं. वेळ बघायची काहीएक गरज नव्हती.

आम्रपाली आठवड्याचे सहा दिवस चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती. हातात मापाचं गेज, समोर पार्ट. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. 'चालतंय की' हा शब्द त्या खात्यात नाही. रविवारी तोच न्याय ती पुनावळ्याच्या मैदानावर लावायची. दोन वर्षांपूर्वी रेफरीची परीक्षा पास झाली, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं होतं, "पोरींना कुठं असतंय हे?" तिचे वडील धम्मरत्न तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. ते म्हणाले होते, "आता असतंय."

सुजित मूळचा लातूरकडचा. भोसरीत मेंटेनन्सला होता आणि रविवारी लेकरांना फुटबॉल शिकवायचा. पुढचे रविवार वेळापत्रकाने असे काही लावून दिले, की दर दुसरी मॅच तिची आणि त्याची. मॅच संपली की मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा आपोआप एकाच वेळी व्हायचा.

"आज मी एकदाही ओरडलो नाही, मॅडम. लक्षात आलं का?"

"मैदानातल्या बावीस पोरांवर लक्ष असतं माझं."

"म्हणजे नाही आलं?"

"...आलं."

या लीगचा एक नियम होता. यादीतल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धी मॅच खेळवायचंच. लीग पोरं घडवायला आहे, कप गोळा करायला नाही. बहुतेक कोच हा नियम साखळी सामन्यांत पाळायचे आणि उपांत्य फेरी आली, की कच्च्या पोराचा नेमका पाय मुरगळायचा.

सुजितच्या संघातलं कच्चं पोर म्हणजे जयसिंग. चेंडू आला की आधी डोळे मिटायचा. उपांत्य सामन्यात दुसऱ्या हाफला सुजितने त्याला उतरवलं. एक-एक गोल होता. कडेला पालक पेटले. "अहो कोच, काढा त्याला! घालवणार का मॅच?"

"नाव यादीत आहे त्याचं," सुजित म्हणाला. "जयसिंग, भावा, डोळे उघडे ठेव फक्त. बाकी मी बघतो."

जयसिंगने डोळे उघडे ठेवले. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून संघातल्या दुसऱ्या पोराकडे गेला, त्या पोराने तो जाळ्यात घातला, आणि रहाटणी फायनलमध्ये!

गोल बरोबर होता. आम्रपालीने शिट्टीही बरोबर वाजवली. पण शिट्टीच्या आधी, अगदी क्षणभर, तिची नजर कुठे गेली होती ते तिलाच ठाऊक. चेंडूकडे नाही. रेषेकडेही नाही.

टपरीवर सुजितने कप खाली ठेवला. "मॅडम, एक विचारायचं होतं..."

"आज नको." ती घाईने म्हणाली. "फायनल मला मिळालीय. राज्याचे निरीक्षक येणारेत बघायला. आवडलं तर वरच्या श्रेणीत घेतात."

त्याचा चेहरा उजळला. पडला नाही, उजळला. हे ती नंतर कितीतरी दिवस आठवत राहिली. "मग आज नाहीच विचारत. फायनलनंतर विचारतो. एका आठवड्यात काय मी म्हातारा होत नाही."

प्रश्न मिटला होता खरा. पण गुरुवारी घोषणापत्र आलं. फायनलच्या रेफरीला ते भरावंच लागतं : 'कोणत्याही संघाशी नातं, मैत्री वा इतर संबंध? असल्यास स्वरूप.'

"काही झालंय का तुझ्यात आणि त्या कोचमध्ये?" धम्मरत्नांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं.

"काहीच नाही, बाबा. चहा झालाय फक्त."

"मग लिही की 'नाही'. हात कुठं अडतोय?"

"नजर अडतेय," ती म्हणाली. "उद्या पेनल्टीची वेळ आली आणि ती पुन्हा तिकडेच गेली तर? बावीस पोरं आहेत हो मैदानात."

वडील चष्मा काढून पुसत बसले फक्त. तिने पेन उचललं आणि ठसठशीत लिहिलं : 'आहे.' स्वरूपापुढे थोडी थांबली. मग लिहिलं, 'अजून ठरायचं आहे.'

फायनल गणराज नावाच्या दुसऱ्या रेफरीला गेली. निरीक्षक त्याची शिट्टी बघायला बसले. आम्रपाली साध्या पंजाबी ड्रेसमध्ये पालकांच्या बाकावर बसली, तेव्हा सुजित तरातरा आला.

"लीगप्रमुख नानासाहेबांचा फोन आला मला! म्हणे, 'रेफरीबाई लिहितात संबंध आहे, तू काय म्हणतोस?' तुमच्या मनातलं मला सांगायच्या आधी तुम्ही कमिटीला सांगितलं, मॅडम?"

"नियमच आहे तसा." तिचे कान तापले होते. "तुम्ही... काय सांगितलंत?"

"सांगितलं, आहे. शंभर टक्के आहे. स्वरूप त्या ठरवतील." तो थांबला. आवाज खाली आला. "पण तुमची फायनल गेली की हो, आम्रपाली."

'मॅडम' कुठेतरी गळालं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"गेली. वाईट वाटतंय, खोटं नाही सांगत," ती म्हणाली. "पण घ्यायची तर स्वच्छ घेईन. जा आता, लेकरं वाट बघतायत."

रहाटणी दोन-एकने जिंकली. आम्रपाली इतकी ओरडली, की शेजारच्या सावित्रीबाईंनी, जयसिंगच्या आजीने, पदराने कान झाकले. मग पोरांनी ओढत नेऊन तिला संघाच्या फोटोत उभं केलं. रेफरी कुठल्याच संघाच्या फोटोत नसतो. ती सुजितशेजारी उभी राहिली.

"पुढच्या वर्षी फायनल मीच घेणार," ती कॅमेऱ्याकडे बघत पुटपुटली.

"पण पुढच्या वर्षीही फायनलला आम्हीच असलो तर?"

"मग पुन्हा जाईल."

"मग काय करू? हरू?"

तिने कॅमेऱ्याकडची मान वळवली, सरळ त्याच्याकडे. या खेपेला शिट्टीची घाई नव्हती.

"हरून तर बघा!"