कॅमेऱ्याचा दिवा चालू असताना

"ह्या म्हातारीला इथून हलवायचं म्हणणारी ती डॉक्टर कोण आहे हो? भलतीच दगडाच्या काळजाची बाई दिसतेय!"

हे तो माझ्याकडे बघूनच म्हणाला. पायात गमबूट, हातात औषधाची बादली, केसांचा पार झाडू झालेला... मला त्याने झाडलोट करणारी समजलं असणार. खांद्याला बॅग लावून तो पिंजऱ्यासमोरच्या रस्त्यापलीकडे, झाडाखाली उभा होता. भुरभुर पाऊस त्याच्या चष्म्यावर बसत होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

"दिसायला बरी आहे," मी म्हटलं. "काळजाचं मात्र काही सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्ही ओळखता तिला?"

"रोज आरशात भेटते."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं, आणि तो कानांपर्यंत लाल झाला. "मी... म्हणजे... मला संचालकांनी बोलावलंय. तुमची मुलाखतीची तयारी करून घ्यायला."

घ्या! टीव्हीवर तोंड कसं उघडायचं हे मला शिकवणारा माणूस स्वतः तोंड उघडून असा फसला होता. मला हसू आवरेना. आणि तो गोंधळलेला असूनही इतका गोड का दिसतोय, हेही कळेना.

भानगड अशी होती. आमच्या प्राणिसंग्रहालयातली म्हातारी अस्वलीण, जिला सगळं गाव आजीबाई म्हणतं, सिमेंटवर चालून चालून पायांनी पार थकली होती. डोंगरातल्या, म्हाताऱ्या जनावरांसाठीच्या एका आसऱ्यात मऊ माती होती, झाडं होती. तिला तिकडे पाठवा, असं मी लिहून दिलं आणि गाव खवळलं. फाटकावर मुलांनी चित्रं चिकटवली, 'आमच्या आजीला नेऊ नका'. विश्वस्त घाबरले. लोक शांत झाले नाहीत तर जाणं रद्द, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे आजीबाईंचे पाय माझ्या जिभेवर येऊन ठेपले होते. आणि माझी जीभ कशी, तर मागे एका वार्ताहराला मी सांध्यांच्या झिजेबद्दल अर्धा तास शास्त्रशुद्ध माहिती दिली, त्याने मथळा दिला, 'अस्वल निकामी, डॉक्टरांची कबुली'. आता शुक्रवारी वाहिनीची माणसं थेट मुलाखतीला येणार होती.

म्हणून हा. पूर्वी स्वतः पत्रकार होता, आता पत्रकारांपुढे लोकांना उभं करायचं काम करत होता.

माझ्या दवाखान्यात, औषधांचं कपाट आणि वजनकाटा ह्यांच्यामध्ये त्याने कॅमेरा उभा केला. "हा लाल दिवा बघा," तो म्हणाला. "हा लागला की मी पत्रकार. अगदी खवट पत्रकार. विझला की मी... मी."

दिवा लागला.

"डॉक्टर, तुम्ही ह्या मुक्या जिवाला मरायला पाठवताय, खरं ना?"

"नाही! आम्ही मरायला पाठवत नाही आहोत, मरायला कशाला पाठवू—"

दिवा विझला. "बघा, माझा शब्द तुम्ही उचललात. उद्या लोकांना तुमच्या तोंडचं 'मरायला' तेवढं आठवेल."

"मग काय म्हणू?"

"तुम्हाला जे सांगायचंय ते. मी प्रश्न कुठेही नेला तरी तुम्ही आजीबाईंच्या पायांशी परत यायचं. आणि उत्तर संपलं की थांबायचं. समोरचा मुद्दाम गप्प बसतो, आपण घाबरून बोलत सुटतो आणि तिथेच घोटाळा होतो."

मग आम्ही गप्प बसायचा सराव केला. तो बघत बसायचा, मी बघत बसायचे. खिडकीच्या काचेवर पावसाचा आवाज... त्याच्या भुवईवर एक बारीकशी खूण होती, ती मला तेव्हा दिसली. ह्या एका विषयात मी फार लवकर तरबेज झाले.

पण डोक्याचा मात्र भुगा व्हायला लागला. दिवा लागला की हाच माणूस मला निर्दयी म्हणायचा, आणि विझला की माझ्या गार झालेल्या चहाचा कप मुकाट्याने उचलून दुसरा आणून ठेवायचा. एकदा दिवा चालू असताना त्याने विचारलं, "तुम्हाला कुणाची सवय होते का हो, डॉक्टर?" मी उत्तर दिलं, "अस्वलाला मऊ जमिनीची गरज आहे." तो म्हणाला, "उत्तम." मला उत्तम वाटलं नाही.

घरी वहिनीला सुगावा लागलाच. "काय म्हणतेय तुझी प्रश्नपत्रिका?" ती रोज विचारायची. म्हणजे तो.

"वहिनी, प्लीज."

"अगं, टीव्हीवर तुला यायचंय, आणि तू दवाखान्यात जाताना आरशासमोर उभी राहतेस. म्हणून आपलं विचारलं."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव होता. सगळे प्रश्न झाले. मी एकदाही अडले नाही. दिवा तसाच चालू होता. त्याने हातातले कागद खाली ठेवले, उगाच नीट लावले, आणि कॅमेऱ्याच्या पायांकडे बघत विचारलं—

"डॉक्टर... हे सगळं संपल्यावरही मी इथे येत राहिलो... तर चालेल तुम्हाला?"

मी दिव्याकडे पाहिलं. लाल! म्हणजे हा पत्रकार. म्हणजे ही परीक्षा. मला भलतीकडे नेऊन पाडायचा बेत. पाठ ताठ करून मी म्हटलं, "त्याबद्दल आत्ताच काही बोलणं घाईचं ठरेल. आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते आजीबाईंचे पाय."

आणि शिकवल्याप्रमाणे थांबले.

ह्या वेळी मात्र तो माझ्याकडे बघत नव्हता. "छान," तो म्हणाला. "अगदी बिनचूक. उद्या तुम्हाला कुणी पाडू शकणार नाही." दिवा विझवला, वायरी गुंडाळल्या, आणि जाताना छत्री विसरला.

रात्री जेवताना मी वहिनीला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"कुठल्या वाहिनीचा पत्रकार असं विचारतो गं?"

"पण वहिनी, दिवा चालू होता!"

"दिवा चालू होता, डोकं बंद होतं," ती म्हणाली. "त्याचं की तुझं, ते मला माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं. सराव असेल तर मी शहाणी ठरले होते. नसेल तर एका सरळ माणसाच्या तोंडावर मी अस्वलाचे पाय मारले होते. कुशी बदलून बदलून अंथरूण पार चुरगळलं. त्याचा फोन नंबर होता की, पण फोन करून विचारणार काय? मघाशी तुम्ही कोण होतात म्हणून?

शुक्रवारी सकाळी पाऊस थांबलेला होता. पिंजऱ्यासमोर कॅमेरे, फाटकाबाहेर पालक आणि मुलं, कोपऱ्यात विश्वस्तांचे गंभीर चेहरे. वाहिनीची पत्रकार माझ्याहून लहान, हसरी मुलगी होती. तो कॅमेरामनच्या मागे उभा होता. त्याने मान हलवून नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. मला एकदम रडू यायला लागलं आणि मुलाखत सुरू झाली.

तिने वाकडे प्रश्न विचारलेच नाहीत. पायांबद्दल विचारलं, मी सांगितलं. प्रवासाबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला स्वतःला वाईट नाही वाटत?"

उत्तर तयार होतं. महत्त्वाचे आहेत ते आजीबाईंचे पाय. पण ते जिभेवर येईना. कालच ते एकदा वापरून झालं होतं आणि त्याची चव अजून कडू होती.

"वाटतं," मी म्हटलं. "खूप वाटतं. रोज सकाळी मी बादली घेऊन येते, तेव्हा ती गजांपाशी येऊन पंजा पुढे करते. औषध झोंबतं, तरी करते. ती गेली की सकाळी मी काय करणार आहे, मला माहीत नाही. पण ती माझ्यापर्यंत चालत येते ना, तेव्हा प्रत्येक पावलाला थांबते. मला तिची सोबत हवी म्हणून तिने सिमेंटवर राहायचं का?"

एवढंच. मग मी थांबले, पण ते शिकवलं होतं म्हणून नाही. मला पुढे बोलताच येत नव्हतं.

फाटकाबाहेर कुणीतरी नाक ओढलं. एका बाईने आपल्या मुलाच्या हातातला फलक हळूच खाली घेतला. अध्यक्ष विश्वस्त पुढे येऊन कॅमेऱ्यासमोरच म्हणाले, "आजीबाई जाणार. ठरल्याप्रमाणे जाणार." संचालकांनी मला दोन्ही हात जोडले.

माझं लक्ष रस्त्यापलीकडच्या त्या झाडाकडे होतं. तो बॅग खांद्याला लावून निघाला होता. मी कॉलरचा माईक काढून त्या मुलीच्या हातात कोंबला आणि धावले. गमबुटात धावणं म्हणजे काय तारांबळ, विचारू नका.

"फार छान बोललात," तो म्हणाला. "मी शिकवलेलं काहीच केलं नाहीत. माझं काम संपलं."

"काल तुम्ही मला एक विचारलंत. ते पत्रकार म्हणून... की..."

त्याने खांद्यावरचा बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला.

"दिवा चालू होता हो! म्हणून मी तसं उत्तर दिलं."

"माहितीये." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दिवा विझवून विचारायची हिंमतच होईना. वाटलं, नाही म्हणालात तर म्हणता येईल... सराव होता."

अस्सा! म्हणजे माझ्याइतकाच हाही गोंधळलेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"मग आता नीट ऐका," मी म्हटलं. "तुम्ही येत राहिलात तर चालेल, असं नाही. यायला हवंत. नाही आलात तर मी दाराकडे बघत बसेन, आणि सगळ्या जनावरांना चुकीची औषधं देईन. मला तुम्ही आवडता."

तो मागच्या ओल्या बाकावर मटकन बसला.

"अहो, पाणी आहे तिथे!"

"असू दे." मग एकदम, "मलाही तुम्ही. पहिल्या दिवसापासून. आणि... एक सांगू? आजीबाई जातायत हे फार बरं झालं."

"पायांसाठी ना?"

"पायांसाठीही. पण मला अस्वलाची भयंकर भीती वाटते हो. लहानपणापासून. फाटकातून आत येतानाच घाम फुटायचा."

"मग रोज कसे यायचात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघायला लागले.

"तिच्या पुढे तुम्ही उभ्या असायचात ना."

मी त्या ओल्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.