लंगड्या बिबट्याचं बारकं पुस्तक

"ताई, मी चोर न्हाय. आधी एवढं लिहून घ्या, मग बाकीचं सांगते."

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर अक्षताची डिटेक्टिव्हगिरीची खोली. दारात सतरा वर्षांची दिपाली उभी होती. खांद्यावर आज्याची काळी घोंगडी, डोळे लाल. जानेवारीची थंडी लई होती.

"काय गेलं?"

"पुस्तक. शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात आज चारला मी बोलणार हाय. एका शिकारी लेखकाची एकाच शिकारीवरची दोन पुस्तकं, एक जाडं, एक बारकं; त्यातलं चांगलं कुठलं, त्यावर. जाड्यात बिबट्या एका गोळीत मरतो. मी बारकं निवडलं. त्यात काय हाय ते अजून कुणाला सांगितलं न्हाय. काल कपाटात होतं, आज न्हाय. चारपर्यंत सापडलं न्हाय तर ग्रंथपाल माझं कार्ड फाडणार. शाळा सोडलेल्या धनगराच्या पोरीला पुस्तक कशाला, म्हणं!"

"तुझ्यावरच का?"

"कपाटाच्या खिळ्याला काळ्या लोकरीचा धागा अडकलाय."

अक्षताचा मामेभाऊ बसू कोपऱ्यात भजी खात होता. "अक्का, लोकर तर हिच्याच खांद्यावर हाय की."

"अन् तेल तुझ्या बोटाला हाय. गावात तेल सांडलं की तुला धरू का? ऊठ."

वाचनालयात ग्रंथपाल चन्नप्पांनी धागा कागदात जपून ठेवला होता.

"काल शेवटी दोघंच होती," ते म्हणाले. "ही पोर अन् मानसिंग सर."

"अन् तुम्ही."

"मला शिकारीचं पुस्तक कशाला? बोकडाचं रक्त बघितलं तरी चक्कर येतीय मला."

मानसिंग सर रिटायर्ड मास्तर. गळ्यात नवाकोरा काळा मफलर. सदरा पांढराशुभ्र, कॉलर तेवढी काळवंडलेली. जाडं पुस्तक काखेत घट्ट. चहा आला तो एका हातानं घेतला, बिस्किटासाठी बशी खाली ठेवली, पुस्तक काय ठेवलं नाही.

"चांगलं पुस्तक हे!" सर म्हणाले. "माझे आजोबा याच शिकाऱ्याचे वाटाडे होते. यात त्यांचा फोटो आहे, बिबट्यावर पाय ठेवलेला."

"अन् बारकं?"

"हातसुद्धा लावला नाही कधी. त्या लंगड्या बिबट्याची रडकथा कोण वाचणार? अन् शाळा सोडलेली पोर आम्हाला शिकवणार?"

बाहेर आल्यावर बसू कुजबुजला, "मास्तर असून कॉलर किती मळकी, अक्का."

अक्षता पहिल्यांदा हसली. "चारला टपरीवरनं दोन कप गरम पाणी आण."

चारला खुर्च्या भरल्या. अक्षतानं टेबलावर दोन पांढरे कप ठेवले. एकात दिपालीच्या घोंगडीचा धागा टाकला, दुसऱ्यात खिळ्यावरचा. पहिलं पाणी तसंच राहिलं. दुसरं बघता बघता काळं झालं.

"धनगराची घोंगडी रंगवत न्हाईत," ती म्हणाली. "मेंढीच काळी, रंग जाणार कुठं? काळी लोकर दिसली की तुम्हाला धनगरच दिसला. हा धागा बाजारातल्या कच्च्या रंगाचा. तो रंग कुणाच्या कॉलरला लागलाय?"

सगळे वळून बघायला लागले. सरांचा हात गळ्याकडं गेला.

"सर, बारक्याला हात लावला न्हाय म्हणता. मग बिबट्या लंगडा हाय हे कुणी सांगितलं? जाड्यात तर तो एका गोळीत मरतोय. अन् दिपालीनं तर कुणाला सांगितलं न्हाय."

"ऐकलं असेल कुठंतरी."

"बरं. मग काखेतलं पुस्तक एकदा टेबलावर ठेवा. सकाळपासनं ठेवलं न्हाय तुम्ही."

सरांनी पुस्तक आणखी घट्ट आवळलं. मग बसूनं पुढं होऊन ते ओढलं. मधून बारकं पुस्तक खाली पडलं.

दिपालीनं ते उचललं, पान काढलं अन् उभ्यानं वाचलं. शिकाऱ्याची गोळी बिबट्याच्या पायाला लागली. बिबट्या उलटला. वाटाड्या बंदूक टाकून बाभळीवर चढला. शिकाऱ्याचे हात कापत होते. मेंढरं राखणारी एक बाई कुऱ्हाड घेऊन पुढं आली, तिनं बिबट्या मारला. मग वाटाड्या खाली उतरला अन् फोटोला उभा राहिला.

"आजोबांचं तेवढंच नाव होतं आमच्या घराला," सर पुटपुटले.

"त्या बाईचं तर नावबी लिवलं न्हाय," दिपाली म्हणाली. "पण शिकाऱ्यानं स्वतःची भीती लिवली. म्हणून हे पुस्तक चांगलं."

सरांचा आवाज चढला. "आता तू शिकवणार आम्हाला?"

दिपालीनं घोंगडी सारखी केली, पायानं खुर्ची पुढं सरकवली.

"व्हय. झाडावरनं उतरा सर, अन् बसा."